लूव्र पाहायला जाताय? आधी वाड्याचा नकाशा डोक्यात बसवा

पॅरिसचं लूव्र पाहून आलेल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. पायांचे तुकडे पडले, मोनालिसा दुरून दिसली आणि निम्मा वेळ रस्ता शोधण्यात गेला. यात पाहणाऱ्याचा दोष थोडा. ही वास्तू संग्रहालय म्हणून बांधलेलीच नाही. ११९० च्या सुमारास राजा फिलिप ऑग्युस्तने इथे सेन नदीकाठी गढी बांधली. १५४६ पासून पहिल्या फ्रान्स्वाने तिच्या जागी राजवाडा उभारायला घेतला आणि पुढच्या राजांनी आपापल्या काळात एकेक चौक, एकेक दालन त्याला जोडलं. चौदाव्या लुईने १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला हलवला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १० ऑगस्ट १७९३ रोजी, हा वाडा संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडला. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात जसं एका चौकातून दुसऱ्यात जाताना मधेच चार पायऱ्या लागतात आणि माडीवरून थेट पलीकडे जाता येत नाही, तसंच हे आहे, फक्त शंभरपट मोठं.

म्हणून लूव्रची तयारी चित्रांपासून नव्हे, वाड्यापासून करायची. खालचा क्रम पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे आणि हाताशी चार तास आहेत असं धरून लिहिला आहे.

सोबत काय हवं

- वेळ नोंदवलेलं तिकीट, फोनमध्ये उतरवून ठेवलेलं. नुसत्या ईमेलच्या भरवशावर राहू नका, रांगेत नेमकं नेट जातं.
- प्रत्येकाचा पासपोर्ट. १८ वर्षांखालच्या मुलांचाही, कारण त्यांचा मोफत प्रवेश वयाच्या पुराव्यावर मिळतो.
- युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्यांनी तिथलं निवास कार्ड. याचा उपयोग दुसऱ्या पायरीत कळेल.
- छोटी पाठपिशवी. ५५ × ३५ × २० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. चाकांची सूटकेस घेऊन थेट स्टेशनवरून लूव्रला येऊ नका.
- रुळलेले बूट. प्रवासासाठी घेतलेले नवेकोरे बूट इथे पहिल्यांदा घालू नका.
- कागदावर लिहिलेली दालनांच्या क्रमांकांची यादी. ती कशी करायची ते तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत.

१. वार आणि वेळ आधी ठरवा

लूव्र मंगळवारी बंद असतं. शिवाय १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला. सोमवार, गुरुवार, शनिवार, रविवार सकाळी ९ ते संध्याकाळी ६. बुधवार आणि शुक्रवार सकाळी ९ ते रात्री ९. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या एक तास आधी, आणि अर्धा तास आधीपासून कर्मचारी दालनं रिकामी करायला लागतात. म्हणजे सहाला बंद होणाऱ्या दिवशी तुमचा पाहण्याचा वेळ साडेपाचलाच संपतो. हा अर्धा तास हिशेबात धरला नाही, तर यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी राहिल्याच म्हणून समजा.

सगळ्यात चांगली वेळ बुधवार किंवा शुक्रवारची संध्याकाळ. साडेचारच्या सुमाराची वेळ घ्या. सहानंतर गटसहली निघून जातात आणि दालनं मोकळी होतात. ते जमत नसेल तर सकाळी ९ ची पहिली वेळ. अकरा ते तीन टाळा.

वेळापत्रक आखताना शेजारच्यांचेही वार बघा. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात, लूव्र मंगळवारी. चार दिवसांची सहल रविवार ते बुधवार असेल आणि हे पाहिलं नसेल, तर दोन दिवस बंद दारांपुढे फोटो काढण्यात जातील.

आणखी एक: भारतातून विमानाने उतरता त्या दिवसाचं तिकीट काढू नका. विमानाला उशीर झाला तर ते वाया जातं, कारण लूव्रचं तिकीट बदलूनही मिळत नाही आणि पैसेही परत होत नाहीत.

२. तिकीट घरूनच काढा

अधिकृत जागा एकच: तिकीट डॉट लूव्र डॉट एफआर (ticket.louvre.fr). शोधयंत्रात नाव टाकलं की पहिल्या काही ओळी मध्यस्थांच्या जाहिरातींच्या असतात. ‘रांग टाळा’ म्हणून ते दीडपट-दुप्पट पैसे घेतात. पण सुरक्षातपासणीची रांग कोणालाच टळत नाही, आणि वेळ नोंदवलेल्या साध्या तिकिटाची रांग तीच असते.

१४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून (म्हणजे युरोपीय संघातले देश, आइसलँड, नॉर्वे आणि लिख्टेनस्टाइन सोडून इतर देशांतून) येणाऱ्या प्रौढांना तिकीट ३२ युरोंना पडतं. त्याआधी ते सगळ्यांना २२ युरो होतं. १८ वर्षांखालच्यांना मोफत, मग नागरिकत्व कुठलंही असो. म्हणजे आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं असतील तर ६४ युरो. पण मुलांची शून्य युरोची तिकिटंही त्याच वेळेसाठी नोंदवायची असतात. ‘मोफत आहे, दारात बघू’ म्हणून मुलांचं तिकीट न काढणं ही नेहमीची चूक आहे.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड अशा देशांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी महत्त्वाचं: युरोपीय आर्थिक क्षेत्रात वास्तव्य असलेल्या २६ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. इथे भारतीय पासपोर्ट आड येत नाही, वास्तव्याचा पुरावा लागतो. निवास कार्ड वसतिगृहात ठेवून आलात तर मात्र पूर्ण पैसे.

पॅरिस म्युझियम पास, म्हणजे अनेक संग्रहालयांसाठीचं एकत्र तिकीट, घेतला असेल तरी लूव्रसाठी वेळ वेगळी नोंदवावीच लागते. पास म्हणजे भरलेले पैसे. आत शिरण्याची वेळ त्यात धरलेली नाही.

पैसे भरताना अडतं ते असं. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात आणि ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. पॅरिसला पोहोचून स्थानिक सिम टाकलं की तो ओटीपी मिळत नाही. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करा आणि निघण्यापूर्वी घरूनच तिकीट काढा. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा नाताळात जाणार असाल तर निदान तीन आठवडे आधी. दिवसाला सुमारे ३०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि सकाळच्या वेळा आधी संपतात.

३. पंधरा गोष्टींची यादी करा

लूव्रमध्ये मांडलेल्या वस्तू सुमारे ३५,००० आहेत. एकेकीला अर्धं मिनिट दिलं तरी आठ-आठ तासांचे छत्तीस दिवस लागतील. चार तासांत पंधरा गोष्टी नीट पाहून होतात. वीस म्हटल्या तर धावपळ होते.

यादी करण्यासाठी लूव्रचंच संग्रह संकेतस्थळ वापरा. २०२१ मध्ये खुलं झालं, त्यात चार लाख ऐंशी हजारांहून जास्त नोंदी आहेत आणि ते फुकट आहे. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत ती कुठल्या विभागात, कुठल्या मजल्यावर, कितव्या दालनात आहे ते दिलेलं असतं. ती सध्या मांडलेली आहे की नाही हेही. लहान चित्रं अनेकदा दुसऱ्या देशांतल्या प्रदर्शनांना गेलेली असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

दुसरं बघायचं ते बंद दालनांचं वेळापत्रक. लूव्रची काही दालनं ठरावीक वारी बंद ठेवतात आणि ते संकेतस्थळावर जाहीर असतं. वाडा म्हातारा आहे, त्यामुळे अचानकही दालनं बंद होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये वरच्या मजल्याच्या तुळया कमकुवत आढळल्या म्हणून ग्रीक मातीच्या भांड्यांची काम्पाना गॅलरी बंद करावी लागली. कर्मचाऱ्यांचे संपही होतात. आदल्या रात्री संकेतस्थळाचं पहिलं पान बघायची सवय ठेवा.

४. दालनांच्या आकड्यांची भाषा शिका

ही पायरी वगळू नका. ही समजली की नकाशा हातात नसला तरी चालतं.

वाड्याला तीन सोपे, म्हणजे तीन बाजूंच्या इमारती, आहेत. नदीच्या बाजूला डेनॉन, रिव्होली रस्त्याच्या बाजूला रिशलिय, आणि पूर्वेला चौरस चौकाभोवती सुली. चौकातल्या काचेच्या पिरॅमिडकडे पाठ न करता, पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर सुली, उजव्या हाताला डेनॉन, डाव्या हाताला रिशलिय. चौथी बाजू, म्हणजे पश्चिम, उघडी आहे. तिथे त्युइलरी राजवाडा होता. १८७१ च्या पॅरिस कम्यून या उठावाच्या वेळी तो जाळला गेला आणि पुढे १८८३ मध्ये भिंतीही उतरवल्या. चौसोपी वाड्याची एक बाजूच गेली, म्हणून लूव्र आज नालेच्या आकाराचा दिसतो.

प्रत्येक दालनाला तीन आकडी क्रमांक आहे आणि पहिला आकडा पत्ता सांगतो:

- १ ने सुरू: तळघर, म्हणजे उणे एक मजला. तिन्ही सोप्यांत.
- २, ३, ४: तळमजला. अनुक्रमे रिशलिय, सुली, डेनॉन.
- ५, ६, ७: पहिला मजला. पुन्हा त्याच क्रमाने रिशलिय, सुली, डेनॉन.
- ८, ९: दुसरा मजला. ८ रिशलिय, ९ सुली.

आता मोनालिसा ७११ म्हणजे डेनॉन, पहिला मजला. मिलोची व्हीनस ही ग्रीक मूर्ती ३४५ म्हणजे सुली, तळमजला. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचा शिलास्तंभ २२७, रिशलिय, तळमजला. डेनॉनला दुसऱ्या मजल्यावर दालनंच नाहीत, म्हणून तिथून डच चित्रकार व्हरमीरच्या चित्रापर्यंत जिना शोधत बसलात तर तो सापडणार नाही. आधी रिशलियमध्ये यावं लागतं.

यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे क्रमांक लिहा आणि पहिल्या आकड्यानुसार गट पाडा. एका गटातलं सगळं संपवूनच दुसऱ्यात जा.

पाट्यांवरचे चार-पाच फ्रेंच शब्दही लिहून ठेवा. साल म्हणजे दालन, निव्हो म्हणजे मजला, एस्कालिए जिना, असांसर लिफ्ट, फेर्मे बंद, सॉर्ती बाहेर. आणि कोणालाही काही विचारण्याआधी ‘बोंझूर’ म्हणायचं. आपल्याकडे हे नमस्कार न करताही चालून जातं. पॅरिसमध्ये थेट प्रश्न विचारणं उद्धटपणा समजतात, आणि उत्तराचा सूर त्यावर ठरतो.

५. कुठल्या स्थानकावर उतरायचं, कुठल्या दाराने शिरायचं

मेट्रोचं स्थानक पाले रोयाल–म्युझे द्यु लूव्र, मार्ग १ किंवा ७. मार्ग १ वरच लूव्र–रिव्होली नावाचं पुढचं स्थानक आहे. नाव बघून लोक तिथे उतरतात आणि वाड्याच्या मागच्या अंगाला निघतात. तिथून पिरॅमिडपर्यंत चौरस चौकातून चालत यावं लागतं.

वेळ नोंदवलेल्यांसाठी नेहमीची दोन दारं. एक काचेचा पिरॅमिड. तिथे वेगवेगळ्या रांगा असतात आणि प्रत्येकीपुढे पाटी असते. तुमच्या तिकिटावरची वेळ जिच्यावर लिहिली आहे त्या रांगेत उभं राहा. रांग उघड्यावर आहे, ऊन-पावसाला आडोसा नाही. दुसरं दार कारुझेल, ९९ रिव्होली रस्ता, जमिनीखालच्या दुकानांच्या बाजारातून. मेट्रोतून वर न येताच तिकडे जाता येतं. पावसात आणि थंडीत हेच बरं.

तिकिटावरच्या वेळेपासून अर्ध्या तासात रांगेत हजर राहावं लागतं. एकदा संग्रहालयातून बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत येता येत नाही. जेवायला बाहेर जाऊन येऊ, हा बेत इथे चालत नाही.

६. पिरॅमिडखाली: पहिली पंधरा मिनिटं

सुरक्षातपासणी झाली की तुम्ही पिरॅमिडखालच्या मोठ्या दालनात, उणे दोन मजल्यावर येता. इथे आवाज आणि गर्दी इतकी असते की पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळतोच. वास्तुकार आय. एम. पेई यांनी रचलेला हा पिरॅमिड १९८९ मध्ये खुला झाला तेव्हा वर्षाला चाळीस लाख लोकांचा अंदाज होता. २०२४ मध्ये ८७ लाख आले.

इथे तीन कामं उरका. जाड कोट आणि पिशव्या लॉकरमध्ये टाका, त्याचे पैसे लागत नाहीत. हिवाळ्यात कोट हातात घेऊन तीन तास फिरणं म्हणजे शिक्षा. माहितीच्या टेबलावरून कागदी नकाशा घ्या. आणि स्वच्छतागृहाला रांग मोठी असेल तर थांबू नका, आत सोप्यांमध्येही सोय आहे आणि तिथे गर्दी कमी.

या दालनातून तिन्ही सोप्यांकडे सरकते जिने जातात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी तिकीट पाहतात. एका सोप्यातून इथे उतरून दुसऱ्यात जाता येतं, म्हणून तिकीट शेवटपर्यंत हाताशी ठेवा. आत कुठे हरवलात तर पिरॅमिडची खूण शोधत इथे परत यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. दालनादालनांतून आडवाटेने जाण्यापेक्षा हे बहुतेक वेळा लवकर होतं.

७. सुलीतून सुरुवात: आधी खंदक

गर्दीचा लोंढा डेनॉनकडे वळतो. तुम्ही सुलीकडे वळा आणि तळघरातला मध्ययुगीन लूव्र बघा, दालन १३३ पासून पुढे.

इथे तुम्ही फिलिप ऑग्युस्तच्या गढीच्या खंदकात उभे असता, अगदी तळाशी. एका हाताला गढीची भिंत आणि बुरुजांचे पाय. वरची गढी केव्हाच गेली. मधला मोठा बुरूज पहिल्या फ्रान्स्वाने १५२८ मध्ये उतरवला आणि वर राजवाड्याचा चौक आला. १९८४-८५ च्या उत्खननात हे सगळं पुन्हा उजेडात आलं. शनिवारवाड्याची जोती पाहून ज्यांना वरचा वाडा डोळ्यांपुढे उभा करायची सवय आहे, त्यांना इथे मजा येईल. घाई करू नका. दगडांच्या चेहऱ्यावर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा आहेत, काही बदामाच्या आकाराच्या. त्या सहज दिसत नाहीत, तिरप्या उजेडात शोधाव्या लागतात. मुलांना हे काम द्या.

खंदकातून पुढे गेलं की इजिप्तमधल्या तानिसचा मोठा स्फिंक्स, दालन ३३८. पुढे मिलोची व्हीनस, ३४५. तिच्यासमोर गर्दी असते, पण ती चारी बाजूंनी पाहता येते आणि पाठीमागे कोणी नसतं.

जवळच ३४८ क्रमांकाचं कॅरिएटिड दालन. लोक इथल्या मूर्ती बघत निघून जातात. तुम्ही दालनाच्या टोकाशी असलेल्या चार दगडी स्त्रिया बघा, ज्यांच्या डोक्यावर वादकांचा सज्जा तोललेला आहे. शिल्पकार जाँ गुजोंने १५५० मध्ये त्या घडवल्या. याच दालनात २४ ऑक्टोबर १६५८ रोजी नाटककार मोलिएरच्या मंडळीने तरुण चौदाव्या लुईपुढे पहिल्यांदा नाटक केलं. लूव्र हा राहता राजवाडा होता हे इथे कळतं, नुसत्या पाटीवरून कळत नाही.

८. डेनॉन: जिना, लांब दालन आणि मोनालिसा

सुलीतून डेनॉनकडे सरकलं की दार्यू जिन्याच्या माथ्यावर सामोथ्रेसची विजयदेवता ही ग्रीक मूर्ती दिसते, ७०३. जिन्याच्या खालून समोरून फोटो घेऊन सगळे पुढे जातात. वर चढा आणि तिच्या डाव्या अंगाला, म्हणजे तुमच्या उजवीकडे, तिरपं उभं राहा. शिल्पकाराने तिला याच कोनातून पाहण्यासाठी घडवलं आहे. दुसऱ्या बाजूचं काम साधं ठेवलं आहे. उजवा पंख सापडलेला नाही, आज दिसतो तो डाव्या पंखावरून उलटा घडवलेला प्लास्टरचा आहे. हे कळल्यावर दोन्ही पंख पुन्हा एकदा बघा.

पुढे ७०८, सालों कारे. १७२५ पासून फ्रेंच अकादमीची चित्रप्रदर्शनं इथे भरायची, म्हणून चित्रप्रदर्शनालाच सालों म्हणायची पद्धत पडली. इथून ग्रांद गॅलरी सुरू होते. चौथ्या हेन्रीने लूव्र आणि त्युइलरी जोडायला नदीकाठाने १५९५ ते १६१० दरम्यान बांधलेली ही लांबच लांब माडी. लिओनार्दो दा व्हिंचीची इतर चित्रं, सेंट ॲनचं आणि खडकांतल्या मेरीचं, ७१० मध्ये आहेत, आणि त्यांच्यासमोर हात लांब करून उभं राहण्याइतकी जागा मिळते. मोनालिसाकडे धावणारे लोक याच चित्रांच्या पुढून निघून जातात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

मोनालिसा, ७११. चित्र ७७ × ५३ सेंटीमीटरचं, पॉप्लरच्या लाकडी फळीवर, जाड काचेआड. वळणावळणाची रांग असते आणि समोर पोहोचल्यावर काही क्षणांत पुढे सरकायला सांगतात. सकाळी ९ ची वेळ असेल तर सातवी पायरी नंतर ठेवून आधी इथे या. संध्याकाळची असेल तर हे दालन सातच्या पुढे ठेवा. मधल्या वेळेत असाल तर एकदा रांगेतून जा, फोन खिशात ठेवा आणि मिळतील ते क्षण डोळ्यांनी बघा. फोटो तुमच्यापेक्षा चांगले आधीच काढलेले आहेत. रांगेतून सुटल्यावर मागे वळा. समोरच्या भिंतीवर चित्रकार व्हेरोनेझेचं ‘काना गावचं लग्न’ (बायबलमधला प्रसंग) आहे, १५६३ चं, जवळजवळ दहा मीटर रुंद. व्हेनिसच्या मठातल्या भोजनगृहासाठी काढलेलं हे चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये उचलून आणलं. त्याच्यापुढे रांग नाही.

या दालनात पाकीटमार असतात. मागचा खिसा रिकामा करा, पाठपिशवी पुढे घ्या. बाहेर चौकात कागदावर सह्या मागणाऱ्या मुलींपासूनही चार हात लांब राहा. एक जण कागद पुढे धरते तेव्हा दुसरीचा हात पिशवीत असतो.

डेनॉनमधलं अपोलो दालन, ७०५, यादीत असेल तर ते उघडं आहे का ते आधी बघा. १९ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी चोरांनी नदीच्या बाजूने शिडीच्या गाडीवरून वर येऊन, खिडकी कापून राजघराण्याचे आठ दागिने पळवले. आपल्याकडच्या लोकांना इथे ओढ असते ती रीजंट हिऱ्याची, १४० कॅरटचा, गोवळकोंड्याच्या कोल्लूर खाणीतला. तो चोरांच्या हाती लागला नाही. पण त्या चोरीनंतर काही दागिने बँक ऑफ फ्रान्सच्या तिजोरीत हलवले गेले, तेव्हा केवळ हिऱ्यासाठी जाऊ नका.

९. रिशलिय: जिथे सहसा कोणी येत नाही

चार तासांतला निदान सव्वा तास इथे ठेवा. १९८९ पर्यंत या सोप्यात फ्रान्सचं अर्थखातं होतं. ते हलल्यावर १९९३ मध्ये संग्रहालयाला मिळाला. दालनं मोठी, उजेड भरपूर, बसायला बाकं.

तळमजल्यावर २२७ मध्ये हम्मुराबीचा शिलास्तंभ. काळा बेसाल्ट, सव्वादोन मीटर उंच, जवळपास पावणेचार हजार वर्षं जुना. वर सूर्यदेव शमाश आसनावर बसलेला आणि पुढे राजा, हात तोंडाशी नेऊन, आदराने. खाली दोन्ही बाजूंना बारीक कीलाक्षरांत कायदे. पुढच्या बाजूला तळाशी एक पट्टा खरवडून गुळगुळीत केलेला दिसेल. आजच्या इराणातल्या एलाम राज्याच्या राजाने हा स्तंभ लूट म्हणून सुसाला नेला तेव्हाची ती खूण. पुढून पाहून निघू नका, मागे जा, मजकूर तिकडेही चालू राहतो.

लगेच पुढे २२९, खोर्साबादचा चौक. असीरियाचा राजा दुसरा सार्गोन याच्या राजवाड्याच्या दारातले पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल, चार मीटरहून उंच. समोर उभे राहा, दोन पाय दिसतात, बैल उभा आहे. बाजूला जा, चार पाय दिसतात, बैल चालतो आहे. एकूण पाय मोजा. पाच भरतात.

पहिल्या मजल्यावर तिसऱ्या नेपोलियनच्या काळचे दिवाणखाने, मोठा ५४४. लाल मखमल, सोन्याचा मुलामा, झुंबरं. दुसऱ्या मजल्यावर ८०१ मध्ये चित्रकार रूबेन्सने फ्रान्सची राणी मारी दे मेदिची हिच्यासाठी काढलेली २४ मोठी चित्रं एकत्र आहेत. वेळ कमी असेल तर दालनाच्या मध्यावर एक गिरकी पुरे.

मग ८३७. व्हरमीरची ‘लेस विणणारी’. चित्र वहीच्या पानापेक्षा लहान, २४ × २१ सेंटीमीटर. जवळ जा. मुलीची बोटं आणि त्यांमधला धागा सुईसारखे टोकदार आहेत, पण पुढे उशीतून ओघळलेले लाल-पांढरे धागे म्हणजे नुसता सांडलेला रंग. डोळा हातातल्या कामावर खिळला की जवळचं जसं धूसर होतं, तसं त्याने रंगवलं आहे. विणकाम-भरतकाम करणाऱ्या कोणाला सोबत नेलंत तर ती व्यक्ती इथून लवकर हलणार नाही.

१०. खाणं, पाणी, आई-बाबा, लहान मुलं

दालनांत खाणं-पिणं चालत नाही. डेनॉनच्या पहिल्या मजल्यावर मोलियाँ कॅफे आहे, पण शाकाहारी माणसाला तिथे पोटभर मिळेल याची खात्री धरू नका. आत जाण्याआधी त्युइलरी बागेत बाकावर बसून डबा खा. बाग लूव्रला लागूनच आहे आणि बसायला हिरव्या लोखंडी खुर्च्या फुकट असतात.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर संकोच न करता पिरॅमिडखाली चाकांची खुर्ची मागा. ओळखपत्र ठेवून ती फुकट मिळते. जुन्या वाड्यात मधूनमधून पायऱ्या आहेत, लिफ्ट आडवळणाला असतात, म्हणून त्यांच्यासाठी एकच सोपा निवडा, आणि तो रिशलिय असू द्या.

मुलांसाठी दीड तास पुरे: खंदक, स्फिंक्स, पाच पायांचे बैल. चित्रांच्या दालनांत त्यांना ओढत नेऊ नका.

फोटो काढता येतात, फ्लॅश आणि सेल्फी काठी चालत नाही.

११. जे इथे नाही ते शोधू नका

मोने, व्हॅन गॉग यांची प्रसिद्ध चित्रं नदीपलीकडच्या ओर्सेमध्ये आहेत. लूव्र साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थांबतं. आणि भारतीय मूर्ती, लघुचित्रं बघायची असतील तर ती गिमे संग्रहालयात, इएना मेट्रो स्थानकाशेजारी. लूव्रचा आशियाई संग्रह १९४५ मध्येच तिकडे गेला. गिमेही मंगळवारी बंद असतं.

बाहेर पडताना लॉकर आधी रिकामा करा. बंद होण्याच्या वेळी तिथे गर्दी उसळते. संध्याकाळी बाहेर आलात तर लगेच मेट्रोत शिरू नका. पिरॅमिडला वळसा घालून सुलीखालच्या कमानीतून चौरस चौकात या. दिवे लागलेले असतात, माणसं तुरळक असतात, आणि पश्चिमेची भिंत, घड्याळाच्या डाव्या हाताची, तीच १५४६ ला सुरू झालेली वास्तुकार पिएर लेस्कोची भिंत आहे. ज्या गढीच्या खंदकात तुम्ही दुपारी उभे होता, ती याच फरसबंदीखाली.